चकचकीत की मॅट

रंगाच्या दुकानात माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. बाहेर त्यांची जुनी पिकअप होती, अंगभर राखाडी प्रायमर लावलेली.

“दादा, दोन डबे मॅट द्या. स्प्रे परवडत नाही, रोलरनेच मारणार आहे.”

“मॅट कशाला गं? चकचकीत घे की.”

“आई, चकचकीत रंगात पोचे उठून दिसतात. मॅटमध्ये झाकले जातात.”

“पोचे राहिलेत कुठे? पाच महिने हातोडी घेऊन बसली होतीस. शेजारी कानात बोटं घालून फिरायचे.”

“तरी मी काही मेकॅनिक नाही हो.”

“नव्हतीस. माझा मुलगा गेला, तेव्हा भंगारवाला गाडी न्यायला दारात आला होता. त्याला माघारी कोणी धाडलं? दादा, तुम्हीच जरा दरवाजावर हात फिरवून बघा.”

दुकानदार बाहेर गेला. दरवाजावरून त्याने सावकाश तळवा फिरवला, वाकून एक डोळा मिटून पत्रा पाहिला आणि परत आला.

“कुठल्या गॅरेजात केलंत काम?”

“गॅरेज कसलं! घरामागे, हिने एकटीने.”

“मग ताई, चकचकीतच न्या. भाव मॅटचा लावतो.”

“अहो, पण...”

“आणि माझ्या व्हॅनचा मागचा दरवाजा चेपलाय. दोघा गॅरेजवाल्यांनी सरळ बदलायला सांगितलं. तुम्ही बघाल का?”

सुनेने सासूकडे पाहिलं.

“बघेल ना,” सासू म्हणाली, “पण थांबावं लागेल. आधी आमची गाडी.”