एकटीच्या दोन बादल्या

शिंपी : ...म्हणून सांगतो ठके, या पृथ्वीच्या पाठीवर असा एक खंड नाही, जिथे आपला यहुदी माणूस पाय रोवून उभा नाही. साम्राज्यं आली, गेली, आपण आहोत तिथेच आहोत.

बहीण : दादा, तू उभा नाहीस, माझ्या बॅगेवर बसला आहेस. बसलाच आहेस तर जरा मधोमध बस. चेन लागत नाहीये.

शिंपी : मी जगाबद्दल बोलतोय.

बहीण : जगाची गाडी उद्या सकाळची नाही, माझी आहे. सरक.

शिंपी : तो विद्यापीठातला मोजणीवाला फोनवर काय म्हणाला, ऐक तर. जगात यहुदी किती आणि कुठे कुठे, याचा तक्ता करतोय बिचारा. म्हणाला, तुम्ही दीड कोटीच्या आसपास. त्यातले जवळजवळ निम्मे इस्रायलमध्ये, उरलेल्यांतले बहुतेक अमेरिकेत आणि बाकीचे जगभर चिमूट चिमूट. मी म्हटलं, साहेब, आम्ही चिमटीतले.

बहीण : मग या गावात किती, म्हणून विचारलं असेल.

शिंपी : विचारणारच. मी सांगितलं, आमच्यात माणसं मोजत नाहीत, नजर लागते. मोजायचीच वेळ आली तर ‘एक नाही, दोन नाही, तीन नाही’ असं म्हणत जातो. माणूस शहाणा निघाला. म्हणाला, बरं, मग एकूण किती नाही आहात?

बहीण : काय सांगितलंस?

शिंपी : चाळीस नाही.

बहीण : आपण तिघं आहोत दादा. तू, मी आणि तो घड्याळवाला.

शिंपी : त्याने विचारलं होतं, कायम वास्तव्याला किती. कायम म्हटल्यावर मी कबरस्तानातलेही धरले. त्यांच्याइतकं कायम इथे दुसरं कोण राहतं?

बहीण : शाबास. उतारवयात हेच करायचं राहिलं होतं.

शिंपी : अगं, संख्या फार कमी असली तर तो गावाचं नावच गाळतो आणि सगळ्यांना ‘इतर’मध्ये ढकलतो. आपल्या आजोबांनी या निम्म्या गावाला विजारी शिवून घातल्या. मी काही ‘इतर’ म्हणून मरणार नाही.

बहीण : मला धरलंस त्यात?

शिंपी : धरलं तर.

बहीण : मी उद्या चाललेय.

शिंपी : मग तिकडे तुझा मुलगा तुला धरेल, इकडे मी धरलंच आहे. जगात आपलं एक माणूस वाढलं. वाईट काय त्यात?

बहीण : वाईट हे, की महिनाभर तू असल्याच गमती करतो आहेस. का जातेस, असं एकदाही विचारलं नाहीस.

शिंपी : त्यात विचारायचं काय? नातवंडं. माणूस आजी झाला की त्याचं डोकं फिरतं, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

बहीण : नातवंडं मला फोनवर पुरतात. प्रत्यक्षात ती चावतात.

शिंपी : मग?

बहीण : औषधवाल्या काकूंसाठी.

शिंपी : काकू गेल्या त्याला महिना झाला. त्यांच्यासाठी आता कुठे जातेस?

बहीण : त्यांना शेवटचं न्हाऊ कोणी घातलं?

शिंपी : तू. तूच घरी येऊन सांगितलंस, सगळं नीट झालं म्हणून.

बहीण : नीट नाही झालं. तुला पुरुषांचं माहीत आहे ना, तेच बायकांचं. बाईला बाईनेच न्हाऊ घालायचं, आणि शेवटच्या पाण्याची धार तुटू द्यायची नाही. पहिली बादली संपायच्या आत दुसरीची धार सुरू व्हायला हवी. त्याला दोन बायका लागतात. माझ्या आईच्या वेळी पाच जणी होत्या, जागेवरून भांडत होत्या. सासूबाईंच्या वेळी काकू आणि मी होतो. आता काकूच न्हाणाच्या फळीवर, आणि मी एकटी.

शिंपी : एका हातात एक, एका हातात एक...

बहीण : भरलेल्या बादल्या? या खांद्याने? पहिली ओतली, दुसरी उचलेपर्यंत धार तुटली. पुन्हा भरून आणल्या, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा दुसरी बादली पायावर उलटली. मग मी तिथेच खाली बसले आणि म्हटलं, काकू, तशी न्हाऊ घातल्यावर गेलेल्या सगळ्यांचीच माफी मागायची असते, पण तुमची जरा जास्त मागते.

(खाली कोणीतरी दुकानाचं दार वाजवतं, वाट बघतं आणि निघून जातं.)

शिंपी : बेकरीवालीला बोलवायचंस. सख्ख्या बहिणीसारखी आहे ती.

बहीण : ती आपण होऊन आली होती. दाराबाहेर उभी राहून रडत होती. सोन्यासारखी बाई. पण तिला आपली प्रार्थना येत नाही आणि मी तिला ती शिकवली, तरी तिने कशाकशाचं ओझं घ्यायचं? तेव्हा ओल्या चपला हातात घेऊन घरी येताना माझ्या मनात आलं, मला निदान काकूंचं एकटीने का होईना, करता आलं. माझं कोण करणार?

शिंपी : मी आहे.

बहीण : तू पुरुष आहेस.

शिंपी : डोळे मिटून ओतेन.

बहीण : म्हणजे सगळं पाणी तुझ्या पायावर.

शिंपी : आणि माझं? तू तिकडे गेलीस की मी इथे कोणाच्या भरवशावर मरू?

बहीण : घड्याळवाल्याच्या.

शिंपी : त्याच्या? तो माझ्याशी बोलत नाही. विजार आखूड शिवली म्हणतो. विजार बरोबर होती. पाय लांब आहेत, त्याला मी काय करू?

बहीण : परवा गेले होते मी त्याच्या दुकानात. तुझ्यासाठी विचारून आले.

शिंपी : काय म्हणून विचारलंस?

बहीण : सरळच. माझ्या भावाचं बरंवाईट झालं तर तुम्ही कराल का? त्याने डोळ्याची काच काढली, पुसली, परत लावली. म्हणाला, करीन की. पुतण्याला बोलावून घेईन, दोघं मिळून करू. तुमच्या भावाबद्दल माझी एकच तक्रार आहे, तो उलट बोलतो. त्या दिवशी बोलणार नाही.

शिंपी : असं म्हणाला?

बहीण : आणि मग मला म्हणाला, तुमचं कोण करणार? दादा, जे तू महिनाभर विचारलं नाहीस, ते त्याने विचारलं. तुला न्हाऊ घालायला निदान शत्रू तरी आहे. मला तेवढाही नाही.

शिंपी : तिकडे आहेत का? बायका?

बहीण : मुलगा म्हणाला, रग्गड आहेत. पाळ्या लावतात. मला पाळीवर घेतील म्हणाला. म्हणजे माझी वेळ येईपर्यंत दुसऱ्यांसाठी दुसरी बादली धरता येईल.

शिंपी : मला वाटलं, तू कंटाळलीस. मला.

बहीण : तुला तर मी लहानपणीच कंटाळले होते. त्यासाठी कोणी गाव सोडतं का?

शिंपी : जा मग.

बहीण : जाऊ ना?

शिंपी : चेन लावू दे. अशी ओढ... हां. थांब. उघड ती परत.

बहीण : आता काय?

शिंपी : शेवटचे कपडे घेतलेस का?

बहीण : ते तिकडे तयार मिळतात. मुलगा म्हणाला, पाकिटात घडी घालून येतात.

शिंपी : तयार? शिंप्याची नात, शिंप्याची मुलगी, शिंप्याची बहीण. तयार कपड्यात जाणार? तिथल्या बायका काय म्हणतील? आणि आपल्यात यंत्राची शिवण लावत नाहीत, हे त्या पाकीटवाल्याला माहीत तरी आहे का? ते पांढरं ठाण काढ फळीवरून. हाताने मोठे टाके घालायचे, गाठ मारायची नाही. संध्याकाळपर्यंत होतं.

बहीण : माप घे.

शिंपी : तुझं माप मला पाठ आहे. उंची शाळेत होतीस तेवढीच, बाकीचं वाढलं. तू नुसती समोर बस.

बहीण : रडू नकोस, कापडावर डाग पडेल.

शिंपी : पडू दे, पांढऱ्यावर पाण्याचा डाग दिसत नाही. सुई घे ती. दोरा ओव, मला आता नेढं दिसत नाही.

बहीण : हा घे, ओवला.

शिंपी : हातासरशी बाकीच्या सुयांमध्येही ओवून ठेव. डबाभर आहेत.