गोडकांदाची पाटी

— नाई नाई ताई, त्याले हात नका लावू. फूल पाहा, फोटो काढा, हात मात्र नका लावू. तसं फुलाले हात लावल्यानं काई होत नाई, पण मी आता कोनालेच लावू देत नाई. पाटी वाचली ना? कळलावी. अत्यंत विषारी. कंद खाऊ नये. लाल रंगात, ठळक. माझंच अक्षर हाये ते — बागेत एकशे बेचाळीस पाट्या हायेत, सगळ्या माझ्या हातच्या. पस्तीस वर्षं शाळेत फळा लिहिला, रिटायर झालो तं हे सुरू केलं. या, इकडं बाकावर बसा, सावली हाये. अन् हा घ्या चहा, गवती चहा, बागेतलाच. मंडळाची पद्धत हाये, आलेल्या मानसाले बागेतलाच चहा द्यायचा. गरम हाये, ठेवा बाजूले, घ्या सावकाश.

तं तुमी सभासद व्हायले आल्या. फाटकावर तुमी असंच म्हनल्या, मी बरोबर ऐकलं ना? नाई, आनंदच हाये, पण अनसिंगवरून मेडशीले दर रविवारी येनं म्हंजे वाशीमले गाडी बदला, मंग इथं फाट्यावर उतरा, मंग अर्धा कोस पायी. लोक इथले इथं येत नाईत आता. आंदी येत होते. बारा बाया होत्या, सात-आठ मानसं. वनस्पती उद्यान मित्र मंडळ — लय मोठं नाव हाये, पन काम खरंच मोठं केलं आमी. पाच वर्षांआंदी इथं नुसतं गाजरगवत होतं, डुकरं लोळत होते. आमी खनलं, वाफे केले, बिया गोळा केल्या रानातून. शाळेचे लेकरं सहलीले येत, मालेगाव, रिसोड, पार केनवडहून येत. प्रत्येक बाईले एक वाफा नेमून दिलेला. गोमतीबाई आमच्या अध्यक्ष, त्याईचा पहिला. लतीफाचा हळदीचा, चौथा. अन् हा — हा सातवा.

काय म्हनल्या? हो. झालं ना तसं. शिवरात्रीले झालं. तुमच्याकडंबी बोलत असतीन लोक. रामसिंग नावाचा मानूस गेला, वाडीवरचा. त्याच्या बायकोनं, कमलीबाईनं, या वाफ्यातले कंद खनून नेले अन् उपवासाले उकडले. रताळ्यावानीच दिसते ते. तो जास्त जेवला, हिनं मागून उरलंसुरलं खाल्लं, म्हनून हे वाचली. अडानी बाई. आता पाटी समोर उभी हाये, लाल अक्षरात लिहिलं हाये, अन् वाचताच आली नाई तं मंडळानं काय करावं? पंचनाम्यातबी तेच आलं — पाटी जागेवर, इशारा स्पष्ट, कंद नेनाऱ्या बाईले अक्षरओळख नाई. वाईट वाटते, कायले नाई वाटनार, आपलीच बाई होती. पन चूक ते चूक.

चहा घ्या ना. थंडा होईन.

तुमाले सांगतो, या मंडळाचं खरं काम झाडं नव्हतंच. खरं काम होतं वाचनाचा वर्ग. रविवारी श्रमदान झालं की एक तास, याच झाडाखाली. ही कल्पना माझी, बरं का. पुस्तकात क कमळाचा — कमळ पाह्यलं कोनी इथं? मी म्हनलं, क कडुनिंबाचा. झाडापाशी उभं राहायचं, पाटी वाचायची, वहीत दहा खेपा उतरवायची, अन् खाली आपल्या मनानं एक वाक्य लिहायचं. मी लाल पेनानं तपासत होतो. कोनाची वही मी न वाचता तपासली नाई, पस्तीस वर्षांत नाई. काई मास्तर डोळे मिटून टिका मारतात, मले ते जमलंच नाई — टिक केली म्हंजे मी वाचलं. बाया वीतभर पदर तोंडात धरून लाजत होत्या पहिले, पन सहा महिन्यांत... कमलीबाई तं सगळ्याईच्या मागून, थंडीत आली, अन् सगळ्याईच्या पुढं गेली. सेहेचाळीस वर्षांची बाई, अर्धं आयुष्य वीटभट्टीवर गेलेलं, अन् गोळ्या देताना नर्सबाईनं चुकीची पट्टी दिली तं वाचून वापस केली तिनं. अख्ख्या वाडीत सांगत होती — गुरुजीनं मले डोळे देल्ले.

...

नाई, म्हंजे — थोडंफार येत होतं तिले. जोडाक्षरं नव्हती येत. अत्यंत, त्यात जोडाक्षर हाये. कंदात अनुस्वार हाये. अन् घाईत मानूस वाचत नाई, तुमी मी तरी कुठं वाचतो सगळं? अशा नका पाहू ताई. पंचनाम्यात जे लिहिलं ते माझ्या मनाचं नाई, सायबानं विचारलं, बाईले वाचता येते का, अन् गोमतीबाईनं माझ्याकडं पाह्यलं, अन् मी म्हनलं, नाई. तसं म्हटल्यानं तिचीच बाजू राह्यली ना? अजानतेपनी झालं असं ठरलं. येते म्हनलं असतं तं प्रश्न आला असता — वाचून सवरून काहून खाऊ घातलं नवऱ्याले? तसंबी वाडीवाले तेच म्हनून राह्यले म्हना. दिरानं घरात ठेवलं नाई तिले. केस गेले सगळे, पंधरा दिवसांत झुबक्यानं गेले, त्या विषानं जातात. लोक म्हनत, पाहा, पापानं गेले. पोरीकडं गेली म्हनतात ते. पोरगी कुठंतरी —

तुमचं नाव काय म्हनल्या? निता. बरं. निता.

...

या वेलीचं नाव मोठं खराब हाये पहा. कळलावी. घरात लावली तं भांडनं लागतात म्हनतात, बाया तोंडानं नाव घेत नाईत. गेल्या दिवाळीच्या आसपास आमच्या मंडळात पान्याच्या पाळीवरून गोमतीबाईचं अन् लतीफाचं जुंपलं — असं जुंपलं की चार रविवार श्रमदानच झालं नाई. गोमतीबाई म्हने, गुरुजी, तुमी हे नाव दर रविवारी बायाईकडून वाचून घेता, दहा-दहा खेपा लिहून घेता, मंग मंडळात कळ नाई लागनार तं काय होईन? उपटून फेका ते वेल. आता रानातून ते नाईशी होऊन राह्यली, मी मोठ्या मुष्किलीनं आनून लावली, कशी फेकू? मी म्हनलं, वेल राहू द्या, नाव बदलू. आपन दिवा विझवा म्हनतो का? शांत करा म्हनतो. बांगडी फुटली तरी वाढवली म्हनतो. देवी आल्या म्हनतो, रोगाचं नाव घेत नाई. आपल्या भाषेची रीतच हाये, वाईटाले गोड नावानं हाका मारायची. मले मोठी खुशी झाली त्या दिवशी, मास्तर मानसाले शब्द सापडला की होते तशी. हिरव्या रंगात लिहिलं, खाली दोन पानं काढली. गोडकांद.

अन् भांडन मिटलं, ताई. खरंच मिटलं. संक्रांतीले लतीफा गोमतीबाईच्या घरी तिळगूळ घ्यायले गेली.

मले मालूम हाये तुमी काय विचारनार. विषारी हाये हे काहून नाई लिहिलं त्या पाटीवर? लिहिनारच होतो. वेल हिवाळ्यात वाळून जाते, जमिनीवर काईच राहत नाई, काडीबी नाई, म्हनलं पानी पडलं की वेल येईन तवा लिहू. नुसती पाटी उभी होती. फूल असतं तं कमलीबाईनं वळखलं असतं, रानातली बाई, फुलावरून बरोबर वळखलं असतं. पन मीच सांगत होतो ना वर्गात — ऐकीववर जाऊ नका, अंदाजावर जाऊ नका, लिहिलेलं वाचा, लिहिलेलं खोटं नसते.

शिवरात्रीच्या आंदीचा रविवार होता. आमची रीत होती, ज्या बाईचा जो वाफा त्यातलं थोडं तिनं सनाले घरी न्यायचं, श्रमदानाचा वाटा म्हनून. सगळ्या घेऊन राह्यल्या होत्या. मी इथंच बसलो होतो, सभासदाईची यादी लिहीत होतो. ते आली. म्हने, गुरुजी, माझ्या वाफ्यात तं काईच दिसत नाई, खाली कांदा हाये वाटते, नेऊ का? खात असतीन का ते? मी मान वर नाई केली. म्हनलं, वाचता येते ना आता? मंग मले काय विचारता, पाटी वाचा. तिनं वाचलं. मोठ्यानं वाचलं, एक अक्षर नाई अडखळली. गो-ड-कां-द. मी म्हनलं, शाब्बास.

...

शाब्बास म्हनलं मी.

दुसऱ्या दिवशी शिवरात्र, अन् त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाले कळलं की दोघाले वाशीमच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर विचारून राह्यले काय खाल्लं, अन् ते बाई एकच सांगे, गोडकांद, गोडकांद — अन् कोनाले समजेना, अशी वस्तूच नाई कुठं. मले समजलं. मी जाऊन सांगू शकत होतो. जायले पाह्यजे होतं. रामसिंग चार दिवस जिवंत होता ताई, चार दिवस. मी इथं आलो. दुपारी, भर उन्हात, उन्हात रंग लवकर वाळते. पाटी घासली, लाल डबा फोडला. फौजदार चारले आले. एक शिपाई म्हने, रंगाचा वास येऊन राह्यला. मी म्हनलं, बाकाले रंग दिला सायेब. मंग ते गेल्यावर खरंच देऊन टाकला. हाच बाक. तुमी बसल्या तो.

बाया सगळ्या जानतात. बारा बायाईनं हिरवी पाटी दहा-दहा खेपा लिहिलेली. कोनी बोललं नाई — मंडळ बंद पडन, बाग जाईन, गुरुजी आत जातीन. मी सगळ्याईच्या वह्या गोळा केल्या, प्रदर्शन लावू म्हनलं, अन् घरी नेऊन चुलीत घातल्या. अकरा वह्या. एक नाई मिळाली, तिची. दिरानं सामान बाहेर फेकलं त्यात गेली असन असं समजलो. आता कोनी भांडत नाई या मंडळात. कोनी येतच नाई. गोमतीबाई बाजारात दिसली तं रस्ता बदलते. मी एकटाच येतो, पानी घालतो, पाट्या पुसतो. मी तुमाले हे काहून सांगून राह्यलो? तुमी चहाले तोंडबी नाई लावलं. फाटकातून आल्या तशा सरळ याच वाफ्याकडं आल्या, एकशे बेचाळीस पाट्या सोडून. बसतानाबी तशाच बसता, पदर गुडघ्याखाली घेऊन, पाय दुमडून. ते अशीच बसत होती वर्गात.

कशी हाये ते? काई वाचते का?

...

पिशवीत काय हाये? राहू द्या. काढू नका पोरी, मी म्हनतो ना, राहू दे ते —

हो. तिचीच हाये. कव्हरवर नाव मीच घालून दिलं होतं.

गोडकांद. गोडकांद. गोडकांद. दहा. रेषेच्या बाहेर एकबी अक्षर नाई. अन् खाली वाक्य... माझा चश्मा... नाई, दिसते. गोडकांद उपासाले खातात. पुढं टिक. लाल. अन् बरोबर, असं लिहिलेलं. तारीख शिवरात्रीच्या पंधरा दिवस आंदीची.

माझीच हाये ती टिक. मी वाचलं होतं.

हे वही इथं ठेवून जाशीन का? मंडळाच्या कपाटात... नाई. बरोबर हाये. घाल पिशवीत. नीट घाल, कागद ओला नको व्हायले.

पाच वाजले. बाग पाचले बंद होते. शेवटची गाडी साडेपाचले फाट्यावर येते, ते चुकवू नको. जा आता.