देव्हाऱ्यातली ढकलकाठी

सोमवार कुणासाठी धरता, असं विचारलंत ना? नवऱ्याच्या बोटांसाठी. हसू नका. आमचे हे देगलूरला घरीच सुतारकाम करतात. टेबलावरच्या करवतीचं पातं गरगर फिरतं आणि हे फळी नुसत्या हातानं पुढं रेटतात. तो आवाज ऐकून स्वयंपाकघरात माझा जीव अगदी टांगणीला लागतो.

शेवटी मी म्हटलं, “अहो, उरल्यासुरल्या लाकडाची एक ढकलकाठी करा की. फळी काठीनं रेटली की हात लांब ऱ्हातो.”

“करतो की उद्या.”

असे कितीतरी उद्या गेले. मग एका सोमवारी मी सांगून टाकलं, “काठी झाल्याबिगर मी उपास सोडणार न्हाई.”

दिवेलागणीला यांनी सागाच्या तुकड्याची, टोकाला खाच पाडलेली काठी आणून दिली. मला इतकं बरं वाटलं, की तिला हळद-कुंकू वाहिलं, महादेवापुढं ठेवली आणि मगच जेवले.

सकाळी चहा घेऊन गेले, तर हे पुन्हा नुसत्या हातानं फळी रेटत होते. मी आधी करवत बंद करायला लावली.

“काठी कुठाय?”

“देव्हाऱ्यात. तूच ठिवलीस न्हवं? हळद-कुंकू लागल्यालं लाकूड पात्याजवळ कसं न्यावं? पाप लागंल की.”

मी घरात गेले, देवाला हात जोडले, काठी उचलली आणि आणून यांच्या हातात दिली.

“धरा. महादेवाला फळ्या कापायच्या न्हाईत.”