ब्रिसेल्टाच्या नावाचा पत्ता

—नाही हो वकीलबाई, कागद कुठे पळून जात नाहीत, आधी ते जाकीट काढा. काढा म्हणते ना. बाहीची दुमड उसवलीय, दोरा लोंबतोय, आणि असुन्सिओनपासून इथे इताउग्वापर्यंत अख्ख्या बसमध्ये तुम्हाला कुणी सांगितलं नाही? हल्ली कुणी कुणाला सांगत नाही. मला मात्र असं लोंबतं काही दिसलं की चैन पडत नाही — चाळीस वर्षं हेच केलंय, आता काय सुटणार ते. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय, ही घ्या. तुम्ही कंपनीच्या वकील आणि मी कंपनीची आरोपी, म्हणून काय तुम्हाला फाटक्या बाहीनं परत पाठवू? दहा मिनिटं लागतील. सही करणार आहे मी, तुमच्या मोठ्या साहेबांना फोनवर सांगितलंय तसं, सुनिल्दा रेकाल्दे शब्द फिरवत नाही. तोवर तेरेरेचा घोट घ्या. पाणी गार आहे, पुदिना अंगणातला आहे, आणि नळी आत्ताच धुतलीय.

हो, हेच ते माझं शिलाईचं मशीन. ब्रिसेल्टा. हात लावा, चावत नाही. बावीस वर्षांची आहे, दोनदा पट्टा बदलला, एकदा मोटर — तुमच्या कंपनीतल्या लोकांना नसेल माहीत एवढं मला तिच्या पोटातलं माहीत आहे. म्हणून तर साइट काढली. तुम्ही पाहिलीच असेल, तुमच्या कागदांत तिचे फोटो लावलेत, एकवीस पानं! माझ्या लग्नातही कुणी एवढे फोटो काढले नव्हते. पण त्यात गुन्हा कुठला ते दाखवा. बॉबिन कसं भरायचं, सुई का मोडते, जीनच्या कापडावर टीप का सुटते — बायकांना जे कुणी सांगत नाही ते मी लिहिलं. आणि खाली एक ओळ, मशीन घ्यायचं असेल तर इथे दाबा. दाबलं की बाई थेट तुमच्या कंपनीच्या दुकानात जाते, मशीन घेते, आणि कंपनी मला त्यातला वाटा देते. चोरूनमारून नाही, करार आहे तसा. तो बघा खिळ्याला टांगलेला ॲप्रन, तुमच्याच लोकांनी पाठवला तीन वर्षांपूर्वी, ‘आमची लाडकी भागीदार’ असं भरतकाम केलेला. मागून दोरे तसेच सोडलेत, पण पाठवला तर खरा. मग लाडक्या भागीदाराला नोटीस कशी आली हो?

माहीत आहे, माहीत आहे, नका ते पान काढू. कलम नऊ. वेबसाइटच्या पत्त्यात आमचं नाव घालायचं नाही. आणि मी घातलं — ‘मी ब्रिसेल्टा डॉट कॉम’, म्हणजे माझी ब्रिसेल्टा. होतं ते कलम, पहिल्या दिवसापासून होतं, शेहेचाळीस पानांच्या करारात. खाली एक चौकोन, ‘सगळं वाचलं, मान्य आहे’, आणि मी खूण केली. तुम्ही वाचता? खरं सांगा, तुमच्या फोनवर ते असं काही आलं की वाचता? ...हसलात! वकील असून हसलात. तेव्हा सगळेच तसं करत होते बाई. ज्या मशीनवर लिहायचं त्याचंच नाव पत्त्यात टाकायचं, म्हणजे लोक मशीन शोधायला गेले की पहिलं आपलं पान दिसतं. सुनिल्दाला कोण शोधणार? ब्रिसेल्टाला शोधतात. लुर्देस म्हणालीसुद्धा होती, आई, दुसऱ्याचं नाव आपल्या दारावर कशाला, ‘सुनिल्दाची शिलाई’ ठेवूया. मीच म्हटलं, गप बस, तुला धंद्यातलं काय कळतं.

लुर्देस? लुर्देस माझी मुलगी. तिनेच बनवली सगळी साइट, एकोणीस वर्षांची होती तेव्हा. आता ती ब्वेनोस आइरेसला असते. चांगलं चाललंय तिचं. दर रविवारी फोन करते. घ्या ना, अजून एक घ्या.

तर बोधचिन्हाचंही सांगते, विचारण्याआधीच. ते मी खोक्यावरून कापून फोटो काढून वर लावलं, शोभा म्हणून. लोकांना वाटायचं मीच कंपनी. पिलारहून एका बाईने पत्र लिहिलं, मोटर जळाली, तुम्ही चोर आहात, तुमच्यावर देव कोपेल — मला! मी काय करणार? माझ्या जुन्या मशीनची मोटर काढून बसने पाठवली तिला. ते पत्रही तुमच्या एकवीस पानांत आहे, ‘ग्राहकांची दिशाभूल’ म्हणून. मोटर पाठवली ते मात्र नाही त्यात. असू दे. दिशाभूल झालीच, मी कुठे नाही म्हणते? त्या बिचारीने देवाला माझ्यामागे लावलं, यापेक्षा मोठी दिशाभूल कुठली.

पण खरा फास तो नव्हे. खरा फास माझ्याच हाताने घातलाय मी, आणि ते ओवेलारांनी सांगेपर्यंत मला कळलंच नाही — ते माझे वकील, म्हणजे तसे ते जमिनीचे वकील, बांध आणि गुरं एवढंच बघतात, पण त्यांच्या बायकोचे कपडे मी शिवते म्हणून हे वाचून दिलं त्यांनी. गेल्या ऑक्टोबरात तुमच्याकडून पहिलं पत्र आलं. किती गोड पत्र! ‘आदरणीय श्रीमती, हा पत्ता आपण आम्हाला द्याल का?’ आता मला द्यायचा नव्हता. पण इतक्या गोड माणसांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? तुम्ही सांगा, तुमची आजी कुठली, काआकुपेची? मग तुम्हाला कळेल. गावातल्या अनास्तासियोला माझी लाल गाय हवी होती. येऊन बसला, इथेच, तुम्ही बसलात तिथे. मला विकायची नव्हती. म्हणून मी तीन गायींची किंमत सांगितली. तो हसला, मी हसले, तेरेरे प्यायला आणि गेला. कुणाचं मन दुखलं नाही, गाय गोठ्यात राहिली. इथे नाही म्हणायची रीतच ती आहे! तर मी तुमच्या कंपनीला तसंच लिहिलं, आनंदाने देईन, वीस कोटी ग्वारानी द्या. वीस कोटी! अहो, हे घर विकलं तरी तेवढे येणार नाहीत. मला वाटलं हसतील आणि सोडून देतील.

नाही हसले. छापून ठेवलं. ओवेलारांनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, सुनिल्दाबाई, तुम्ही त्यांचं नाव घेतलंत ते पैसे उकळायलाच घेतलंत, असं आता पत्त्यांच्या भांडणाचा निवाडा करणारे पंच म्हणणार, आणि तुमच्या सहीचा कागद पुढे ठेवणार. परदेशात कुठेतरी बसलेले पंच, त्यांना माझी लाल गाय कुठून ठाऊक? मी म्हटलं, मी समजावून लिहिते. ते म्हणाले, काय लिहिणार, मी खोटी किंमत सांगितली हो, मला खरं तर द्यायचाच नव्हता? ते तर आणखी वाईट. उत्तर द्यायला वीस दिवस होते, त्यातले अठरा मी नुसते हे पायडल दाबत काढले.

ही बाही कुणी शिवली हो? दुकानातलीच ना? शेवटाला टीप उलटी फिरवलीच नाही, सरळ कापून टाकलीय, मग उसवणार नाही तर काय. आमच्याकडे शेवटाला तीनदा मागे यायचं. मी दोनदाच यायची, लुर्देस तीनदा. हट्टी. मी म्हणायची दोरा वाया जातो, ती म्हणायची, आई, सुटण्यापेक्षा बरं.

काय म्हणालात? नवीन नावाने साइट काढा? काढते ना! ओवेलारही तेच म्हणाले. सगळं लिहिलेलं माझंच आहे, उचलायचं आणि दुसऱ्या दारात मांडायचं. ग्राहक येतील हळूहळू, नाही आले तर पडदे शिवीन. नावावर माझा जीव नाही हो. तुमचं नाव तुम्हाला लखलाभ. पहिल्याच दिवशी फुकट दिलं असतं, त्याला लागून ती ई-मेलची पत्रपेटी नसती तर. ‘सुनिल्दा ॲट मी ब्रिसेल्टा’. फक्त तेवढी पेटी ठेवू द्या म्हणून विचारलं मी तुमच्या साहेबांना. दोनदा विचारलं. पत्ता जातो तेव्हा सगळ्यासकट जातो, म्हणाले. कशाला हवीय तेही विचारलं त्यांनी. मी म्हटलं, अशीच, सवयीची आहे.

तुम्ही आभार मानलेत? म्हणजे पुरे झालं तेरेरे. दोनच तर घेतलेत. बरं, मी घेते.

लुर्देस रविवारी फोन करत नाही. शेजारच्या एउस्ताकियाला मी तसं सांगते, तुम्हालाही तेच सांगितलं, तोंडात बसलंय ते. आठ वर्षं झाली, एकदाही आवाज ऐकला नाही. लांबच्या बसवर एक ड्रायव्हर होता, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, आणि मी — मी काय बोलले ते सांगत नाही. सांगते. म्हटलं, जा, पण या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवलास तर मी तुझी आई नाही. सगळी गल्ली ऐकत होती. मग माझा फोन चोरीला गेला, नंबर बदलला, तिचा नंबर त्यातच गेला. पण उंबऱ्याचंच बोलले होते ना मी? पत्राचं काही बोलले नव्हते. ते तिने बरोबर धरलं. दर पंधरा मेला, मातृदिनाला, त्या पेटीत एक पत्र येतं. पत्र कसलं, शब्द एक नाही. नुसता फोटो. शिवलेलं काहीतरी असतं. पहिल्या वर्षी उशीचा अभ्रा, मग पडदा, मग कुणाचातरी शाळेचा झगा. आणि दर फोटोत टिपेचं शेवटचं टोक दिसेल असं धरलेलं — तीनदा मागे आलेलं. म्हणून कळतं तिचं आहे. मी उत्तर लिहिते, दर वेळी लिहिते, आणि ते परत येतं. दरवर्षी नवाच पत्ता असतो तिचा, दुसऱ्या दिवशी बंद झालेला. रागच आहे, दुसरं काय. पण पाठवते.

गेल्या वर्षी झबलं होतं. एवढंसं. माझ्या तळहाताएवढं.

मुलगा का मुलगी तेही मला माहीत नाही. पांढरं होतं, त्यावरून काय कळणार.

आज सत्तावीस एप्रिल. मी सही केली की तीन-चार दिवसांत पेटी तुमची, मग बंद, आणि पंधरा मेला ती फोटो पाठवणार आणि तो परत जाणार — ‘हा पत्ता अस्तित्वात नाही’. तिला काय वाटेल? आईने हेही दार लावलं. किंवा आई मेली. काय वाटणं बरं, तुम्ही सांगा, तुम्ही तिच्याच वयाच्या दिसता. साइटवर लिहिलंय मी, पहिल्याच पानावर, लाल अक्षरांत, ‘लुर्देस, माझा नवा पत्ता हा’. पण ती पान उघडते का कुणास ठाऊक. पत्ता तिला पाठ आहे, बघायची गरजच नाही, तिनेच तर बनवला. सही नाही केली तर काय होतं तेही ओवेलारांनी सांगितलंय. पंच महिन्या-दीड महिन्यात निकाल देतील, तेवढ्यात पंधरा मे निघूनही जाईल, हे ऐकून मी उठूनच उभी राहिले होते. पण मग तुमची कंपनी नुकसानभरपाईचा खटला घालणार, तसं लिहिलंच आहे तुमच्या पत्रात, आणि जप्ती आली की हे घर जाणार. घर तिला माहीत आहे ना! कधी राग गेला आणि आली, पोर काखेला घेऊन आली, तर दार दुसऱ्याच कुणी उघडायचं? म्हणून सही करतेय. पेटी सोडते आणि घर ठेवते. बरोबर केलं ना? आठवडाभर हाच हिशोब घालतेय, बरोबर येतो आणि तरी झोप येत नाही.

एक मागू का तुझ्याकडे? तुला ‘तू’ म्हणते, रागावू नकोस. त्या पेटीचं जे काही कराल ते करा, फक्त पंधरा मेपर्यंत बंद करू नका. उघडी राहू दे. कुणी वाचू नका, उत्तर देऊ नका, काही करू नका. फोटो येऊन आत पडू दे. परत तेवढा जायला नको. मला दाखवलाही नाही तरी चालेल. नुसता परत —

...

हो. हो, कळलं. पेटी यंत्रच बंद करतं. माणसाचा हात लागत नाही. तुमच्याही हातात नाही. नाही, नाही, तुम्ही कशाला डोळे पुसता, तुम्ही नोकरी करता. द्या तो कागद. कुठे? इथे, आणि इथे. आणि हा चौकोन काय, ‘सगळं वाचलं, मान्य आहे’? बघा, इथेही आहेच. ही घ्या खूण.

हे घ्या जाकीट. ओढून बघा बाही, ओढा जोरात. नाही उसवणार. तीनदा मागे आलेय.

आता निघा, कोपऱ्यावरची चारची बस गेली तर तासभर उभं राहावं लागेल. पैसे? कसले पैसे, ठेवा ते. नका आता काही बोलू, मला पडदे द्यायचेत उद्या, मी मशीन सुरू करते — आणि हे सुरू झालं ना, की मला काही ऐकू येत नाही.