मढचं नेट

अमृत : मॅडम, किती वेळा सांगू? गावाकडचं नेट वीक आहे, म्हणून ऑफिसचं मशीन तुम्हाला जोडलं जात नाही. तक्रार बंद करतोय.

यशोधरा : करू नका. तीनदा केलीत बंद. दोन वर्षं झाली, इथे मढला घरात बसून मी तुमचं पुण्यातलं मशीन चालवतेय. शुक्रवारी तुम्ही त्याच्यावर नवीन विंडोज टाकलंत आणि तेव्हापासून ते मला आत घेत नाही.

अमृत : योगायोग असेल.

यशोधरा : योगायोगापायी माझी नोकरी चाललीय, सर. साहेब म्हणतात, सोमवारपासून पुण्यात येऊन बसा, नाहीतर काम सोडा. लेकीची शाळा इथे, आत्या इथे. कशी येऊ?

जानकाबाई : कोन हाय गं त्यो?

यशोधरा : ऑफिसचे अमृत सर, आत्या. कॉम्प्युटरचं बघतात. आपल्या गावचं नेट खराब आहे म्हणतायत.

जानकाबाई : आन् ह्याचं तोंड दिसतंय ते कशावर दिसतंय मग?

अमृत : आजी, व्हिडिओ कॉलचं वेगळं अस... हॅलो? तुमचा आवाज तुटतोय.

यशोधरा : तुटतोय तो तुमचा. आमचं नेट नीट चालू आहे. सर, एक करा. तुमच्या टेबलावरून माझं ऑफिसातलं मशीन जोडून बघा.

अमृत : ते समोरच आहे. त्यात काय बघायचंय?

यशोधरा : बघा तर.

अमृत : थांबा... नाही लागत. परत करतो... नाही.

यशोधरा : तुमच्यात नि त्या मशीनमध्ये मढ कुठे आलं?

(कीबोर्डचा आवाज.)

अमृत : सापडलं. अपग्रेडमध्ये सेटिंग बदललंय. मशीन ऑफिसच्याच नेटवर्कला परकं समजतंय, म्हणून बाहेरून कुणालाच आत घेत नाही.

जानकाबाई : म्हंजे घर त्याचंच, आन् वळख इसरलं व्हय!

अमृत : तसंच, आजी. बदललं सेटिंग. मॅडम, बघा आता.

यशोधरा : लागलं! आत्या, लागलं बघा! माझ्या सगळ्या फायली आहेत.

अमृत : चला, मिटलं. ठेवू फोन?

यशोधरा : तक्रारीत कारण काय लिहिलंत?

अमृत : ‘प्रॉब्लेम सुटला.’

यशोधरा : आणि आधीच्या तिन्हींत?

अमृत : ‘ग्रामीण भागातील नेटवर्क.’ त्या बंद झाल्यात, आता बदलता येत नाहीत.

यशोधरा : मग या चौथीत खरं लिहा.

अमृत : मॅडम, अपग्रेड मीच केला होता. माझ्यावर येईल. चालू झालंय ना काम? सोडा की.

यशोधरा : आज सोडलं तर पुढच्या वेळी काही बिघडलं की पुन्हा मढच. साहेबांनी तेच वाचून मला बोलावलंय.

जानकाबाई : लई वर्सं ऐकलं बाबा आमी. बिघाड कुनाचाबी असू दे, खापर आमच्या डोक्यावर. माजं मालक गप बसलं, मीबी बसले. ही नाय बसायची.

अमृत : आजी, माझीही नोकरी आहे हो.

यशोधरा : तुमचं नाव घाला असं मी म्हणत नाही, सर. माझ्या गावाचं काढा. तोवर मी फोन ठेवणार नाही.

अमृत : ...बरं. ऐका. ‘कारण : अपग्रेडनंतर ऑफिसच्या मशीनचं सेटिंग बदललं. मढ येथील नेट पहिल्यापासून व्यवस्थित आहे.’ चालेल?

यशोधरा : साहेबांना पाठवा.

अमृत : पाठवलं.

जानकाबाई : च्या घेनार का रं? आलास कधी इकडं तर ये.

अमृत : येईन, आजी. मॅडम, साहेबांचा मेसेज आलाय. विचारतायत, मग सोमवारी येताय का?

यशोधरा : सोमवारी मी कामावर असेन म्हणावं. नेहमीच्या खुर्चीत.

जानकाबाई : ती खुर्ची मढला हाय, तेबी सांग.