साडूचा पुढचा दात

डिंक! डिंक म्हणतो हो तो आमच्या कामाला! कोण काय विचारता, माझा साडू! बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे सासुरवाडीत शेवटचा शब्द त्याचा. तुम्हाला सांगतो, मी दातांच्या लॅबमध्ये आहे. ट्रेमध्ये रेझीन असतं, मधासारखं पातळ, खालून त्यावर प्रकाश पडतो, पडला तिथे घट्ट, थरावर थर, थरावर थर... आणि बघता बघता अख्खा दात वर येतो, ओला, चमचमता! बघणारा तोंडात बोट घालतो. आणि हा? सासऱ्यांसमोर, "आमचे धाकटे साडू ना, दिव्याखाली डिंक वाळवतात!" सगळे फिदीफिदी. माझी बायकोसुद्धा!

पण देव पावला. साडू गॅलरीच्या काचेवर आपटला आणि पुढचा दात गेला! दुसऱ्या दिवशी मुलाखत, मोठ्या साहेबाच्या जागेसाठी! आला धापा टाकत, "थाडूभाऊ, वाचवा!"

मी म्हटलं, "छे छे, आमच्याकडे डिंकच मिळतो."

बायकोनं नुसतं बघितलं... मी डॉक्टरांकडून त्याच्या तोंडाचं माप मागवलं.

पण तुम्हीच सांगा, असा सोडायचा? कॉम्प्युटरवर दात उघडला आणि ओढला खाली. थोडा... अजून थोडा... सशानं लाजून मान खाली घालावी एवढा! प्रकाश पडतोय, दात घट्ट होतोय, मी शीळ घालतोय. डिंक काय? घे डिंक! सकाळी त्यानं तो बसवला, वरचा ओठ काही मिटेना, पण आरशात बघायला वेळ कुठला? तसाच पळाला. मला दिवसभर गुदगुल्या!

संध्याकाळी फोन. "साडूभाऊ, जागा मिळाली! मुलाखत घेणारे साहेब म्हणाले, एवढं टाकून बोललो तरी हसत राहणारे तुम्ही एकटेच!"

हसत? अहो, ओठ मिटत नव्हता त्याचा! आता दात बदलायचं नाव काढत नाही, आणि डिंक म्हणायचंही सोडत नाही!

वर बायको मला म्हणते, "बघा भाऊजी कसे हसतमुख! नाहीतर तुम्ही, सदा एरंडेल प्यायल्यासारखे. घ्या की तसाच एक करून!"

घेतला. आहे त्या दातावरच टोपीसारखा चढवला.

का हो, तुम्हाला काय वाटलं... इतका वेळ मी हसत होतो?