पिना फिरवायच्या राहिल्या

(स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. सुकन्या ओट्यापाशी, जुने मिस्त्री मोहियोद्दीन चहा घेऊन बसलेले; बाहेर तिच्या नवऱ्याचा, दयानंदचा, चाकांऐवजी लोखंडी चेनवर चालणारा लोडर बंद पडलेला.)

मोहियोद्दीन : तिसरी झाली बेटी. गॅस बंद कर.

सुकन्या : केला. आता तरी बोला की चाचा. चेनसाठी नांदेड पाहिलं, लातूर पाहिलं. देगलूरहून येऊन अर्धा तास झाला, अन् नुसते बसून राहिलात.

मोहियोद्दीन : दयानंदला आत बोलाव.

सुकन्या : ते येत नाहीत. सकाळपासून लोडरपाशीच आहेत. तुमची गाडी दिसली तसं तोंड फिरवलं. मलाच सांगा.

मोहियोद्दीन : चेन मिळाली न्हाई.

सुकन्या : जुनीसुद्धा?

मोहियोद्दीन : नवी घ्यावी तर लोडरपेक्षा चेन महाग. लातूरला एक जुनी होती, तिचे बुश तुमच्या चेनसारखेच, झिजून कागदावानी झालेले. चाळीस वर्षांचं मशीन हाय. त्याचं सामान आता दुकानात न्हाई, दुसऱ्या लोडरच्या पोटाखालीच सापडतं.

सुकन्या : मग देगलूरचे गुरुपादप्पा? त्यांचा लोडर आपल्याच जोडीचा आहे म्हणला होतात.

मोहियोद्दीन : हाय ना. अन् चेन लई चांगली. वेळच्या वेळी कड्यांतल्या पिना अन् त्यांच्यावरचे बुश अर्धा फेरा फिरवून घेतो. घासलेली बाजू मागं, कोरी बाजू कामाला. लई कंजूष माणूस, मला बिनसाखरेचा चहा पाजला. पण मशीनला जपतो.

सुकन्या : विकतील का ते चेन?

मोहियोद्दीन : मी चेन मागायला गेलो, तर त्यानं उलटे तुमचेच रोलर मागितले.

सुकन्या : आमचे?

मोहियोद्दीन : चेन ज्यांच्यावर फिरती ते त्याचे रोलर झिजून गेलेत. तुमचे दिवाळीत नवे घातलेले. त्याच्याकडं चेन हाय, पाय न्हाईत. तुमच्याकडं पाय हायत, चेन न्हाई. दोन लोडर मिळून एकच चालंल, बेटी.

सुकन्या : अन् तो त्यांचा.

मोहियोद्दीन : इंजिन त्याचं चांगलं हाय. तुमचं धूर टाकून राहिलंय. मला काय गोड वाटतंय का हे सांगायला? तुझा सासरा चालवायचा तेव्हा मी ग्रीस मारायचो ह्याला. किल्लारीला भूकंपानंतर महिनाभर ह्याच्याच सावलीत झोपलो.

सुकन्या : चाचा, आमच्या पिना फिरवायला तुम्ही मलप्पा मिस्त्रीला पाठवलं होतं.

मोहियोद्दीन : हाव. दोन वर्षांखाली.

सुकन्या : पिना दाबून काढायचं प्रेस घेऊन दारात उभा होता तो. त्या दिवशी आपल्या ऋतुजाचं जावळ. अंगणात मांडव, पाहुणे जेवायला बसलेले. मीच म्हणले, आज इथं तेल-ग्रीस नको, आठ दिवसांनी या.

मोहियोद्दीन : अन् तो गेला तेलंगणात.

सुकन्या : तो आला नाही, आम्हीही बोलावलं नाही. चालत होता ना लोडर. आता चेन गेली, तरी यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मोहियोद्दीन : दयानंद मला फोनवर म्हणला, चाचा, चूक माझी हाय. कामाच्या नादात मीच पिना फिरवायच्या ठेवल्या.

सुकन्या : असं म्हणले?

मोहियोद्दीन : तुझं नावसुद्धा न्हाई घेतलं.

सुकन्या : ...चहा थंड झाला तुमचा. दुसरा ठेवते.

मोहियोद्दीन : राहू दे. गुरुपादप्पा सांजंला फोन करणार हाय. काय सांगू?

सुकन्या : रोलर देतो म्हणावं. यांना मी सांगते. पण रोलर यांनाच काढू द्या चाचा. परक्या माणसानं हातोडा मारलेला त्यांना बघवायचा नाही.

मोहियोद्दीन : मी येतो जोडीला. पान्हा अजून धरता येतो मला.

ऋतुजा : आई, आपल्या लोडरचे पाय कुठं नेणार?

सुकन्या : तू कधी आलीस गं आत? देगलूरला नेणार. तिथल्या लोडरला लावायचे.

ऋतुजा : मग तो चालंल?

सुकन्या : चालंल की.

ऋतुजा : अन् आपला?

मोहियोद्दीन : इकडं ये, पोरी. माझ्यापाशी बस.

ऋतुजा : आई, सांग ना. आपले पाय आपलं घर ओळखतात ना? मग ते त्या लोडरला घेऊन इकडं येतील का?